रडारवर ड्युटी, छातीला बॅज नाही आणि घरात मुलगी: ताईंच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला कळेल आणि बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे मिस्टर फौजेत रडार रिपेअरच्या वर्कशॉपला हवालदार आहेत, नऊ वर्षं तेच काम करतायत. तुम्हाला तीन वर्षांची मुलगी आहे, दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय. आणि सासूबाईंपासून शेजारच्या रिटायर्ड काकांपर्यंत सगळे म्हणतात की रडारवाल्यांना मुलीच होतात आणि पुढे कॅन्सर ठरलेला. त्यात तुम्ही एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला, गेलात तेव्हा एक्सरेवाल्याच्या छातीला बॅज दिसला, मिस्टरांना तसला बॅज कधीच मिळालेला नाही, म्हणून तुम्ही विचारताय की हे काही लपवतायत का, आणि त्यांनी पोस्टिंग बदलून मागावी का.

मी एअरफोर्समध्ये वीस वर्षं रडार फिटर होतो, सार्जंट म्हणून बाहेर पडलो. त्यानंतर कोर्स करून पुण्याजवळ इंडस्ट्रियल रेडिओग्राफीत आलो, म्हणजे वेल्डिंगच्या जॉइंटचे गॅमा किरणांनी फोटो काढायचं काम, आणि आता तिथे सेफ्टी बघतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी स्वतः हाताळल्यात, बॅज नसलेलं काम पण आणि बॅजशिवाय गेटच्या आत पाय ठेवता येत नाही ते काम पण.

पहिली गोष्ट, रेडिएशन हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. रडारच्या अँटेनातून निघतात ते मायक्रोवेव्ह, मोबाईल आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्याच घराण्यातले. ते शरीर तापवतात, जास्त असले तर भाजतात, पण पेशीतला डीएनए थेट तोडण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते. एक्सरे आणि गॅमा किरण मात्र तोडतात. एक्सरेवाल्याचा तो बॅज, त्याला टीएलडी म्हणतात, आत तीन छोट्या चकत्या असतात, त्या फक्त दुसऱ्या प्रकारचे किरण साठवून ठेवतात आणि साधारण तीन महिन्यांनी लॅबमध्ये तापवून त्यातून डोस वाचतात. मायक्रोवेव्ह मोजायला तो बॅज नाहीच. म्हणून मिस्टरांना बॅज नाही याचा अर्थ लगेच कोणी फसवतंय असा काढू नका.

पण इथे थांबलो तर तुम्हाला अर्धंच उत्तर दिल्यासारखं होईल, आणि हेच अर्धं उत्तर मला पण माझ्या पहिल्या पोस्टिंगला मिळालं होतं. "रडारमध्ये एक्सरे नसतात, घाबरू नको." चूक. रडारच्या अँटेनातून एक्सरे निघत नाहीत, रडारच्या ट्रान्समीटरमधून निघू शकतात.

कारण असं की जुन्या पॉवरफुल रडारमध्ये मायक्रोवेव्ह तयार करायला क्लायस्ट्रॉन किंवा मॅग्नेट्रॉन असतो, त्याला पल्स द्यायला मॉड्युलेटरमध्ये थायरेट्रॉनसारखी स्विचिंग ट्यूब असते, आणि यातल्या काहींवर कित्येक हजार व्होल्ट असतात. आता दवाखान्यातली एक्सरे ट्यूब म्हणजे तरी काय, निर्वात नळीत हाय व्होल्टेजने इलेक्ट्रॉन पळवायचे आणि धातूवर आपटायचे. रडारच्या ट्यूबमध्ये नकळत तेच होतं. पंधरा-वीस हजार व्होल्टच्या खाली जे एक्सरे निघतात ते इतके दुबळे असतात की बहुतेक वेळा ट्यूबची काच नाहीतर धातूचं कवचच त्यांना अडवतं, पण व्होल्टेज वर गेलं की ते बाहेर यायला लागतात. म्हणून त्या कॅबिनेटला जाड पत्रा असतो, शिसं असतं आणि दाराला इंटरलॉक असतो, दार उघडलं की हाय व्होल्टेज बंद.

आणि आम्ही काय करायचो तर इंटरलॉकला जंपर मारायचो, म्हणजे दार उघडं असूनही बंद असल्यासारखं सर्किट जोडून टाकायचो. हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं पण लिहायलाच हवं. ट्यूनिंग करताना आत बघायला लागतं, फॉल्ट दार बंद असताना सापडत नाही, वरून रडार लवकर ऑन एअर द्या म्हणून फोनवर फोन, मग कोणीतरी पितळेची पट्टी करून ठेवलेली असायची ती लावायची, दार उघडं ठेवून हाय व्होल्टेज ऑन करायचं आणि टॉर्च घेऊन आत वाकायचं, तोंड ट्यूबपासून हातभर अंतरावर. आमच्या सीनियरने तसं केलं होतं, त्याच्या सीनियरने तसं केलं होतं. पुढे एक तरुण ऑफिसर आला, त्याने ती पट्टी बघितली आणि काम तिथल्या तिथे बंद केलं. नीट मीटर मागवून मोजायला लावलं. दार बंद असताना काटा जागचा हलला नाही, दार उघडल्यावर हलला. त्या दिवसापासून आमच्या कॅबिनमधून ती पट्टी गेली. त्याआधीच्या सात-आठ वर्षांत मला किती डोस मिळाला हे मला कोणीच सांगू शकत नाही, कारण मोजलंच नव्हतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. जर्मनीत हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर झाला. तिथल्या सैन्यातले आणि जुन्या पूर्व जर्मनीच्या सैन्यातले रडार मेकॅनिक नंतर आजारी पडायला लागले, प्रकरण संसदेपर्यंत गेलं, आणि तज्ज्ञांचा एक रडार आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २००३ मध्ये आला. त्यांना सापडलं ते हेच, उघड्या ट्रान्समीटरवर काम करणाऱ्यांना ट्यूबमधून निघणारे एक्सरे लागले होते आणि सुरुवातीच्या काळातली मापं एकतर नव्हती नाहीतर भरवशाची नव्हती. म्हणून आयोगाने सुचवलं की त्या जुन्या काळात ज्यांनी ट्रान्समीटरवर काम केलं त्यांना कॅन्सर किंवा मोतीबिंदू झाला असेल तर डोसचा आकडा मागत बसू नका, सेवेमुळे झाला असं धरा. जुन्या सेटच्या डायलवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असायचा, तो पण त्यांनी हिशोबात धरला. यातून ताई मी एक गोष्ट शिकलो की माणूस वीस वर्षांनी आजारी पडतो तेव्हा त्याच्या हातात असायला हवा तो कागद, आणि तो कागद आज तयार होतो, तेव्हा नाही.

आता तुमच्या मिस्टरांना धोका किती, तर ते कुठल्या टोकाला काम करतात यावर आहे, आणि हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. (लिहूही नका. रडारचं नाव, युनिट, जागा यातलं काहीही इथे टाकू नका, जे टाकलंय ते काढून टाका.) स्क्रीनवर बसणाऱ्याला जवळपास काहीच नाही. रिसीव्हरवाल्याला, कॉम्प्युटरवाल्याला, जनरेटरवाल्याला नाही. नवीन रडार असेल ज्यात मोठी ट्यूबच नाही, शेकडो छोटे सॉलिड स्टेट मॉड्यूल आहेत, तर एक्सरेचा विषयच निघत नाही, कारण तिथे तेवढं व्होल्टेजच नसतं. पण ट्यूबवालं जुनं रडार आहे आणि मिस्टर ट्रान्समीटर उघडतात, तर मग दार उघडं असताना हाय व्होल्टेज चालू असतं का नसतं, हा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे. बंद करून, डिस्चार्ज करून काम करत असतील तर एक्सरे शून्य. व्होल्टेज गेलं की एक्सरे गेला, तो कपड्याला चिकटून घरी येत नाही. हे मुद्दाम लिहितो कारण खूप घरांमध्ये बायका युनिफॉर्म वेगळा धुतात आणि मुलीला बापाच्या मांडीवर बसू देत नाहीत, त्याची काही म्हणजे काही गरज नाही.

मोजण्याबद्दल एक बारीक गोष्ट, ही मिस्टरांना नक्की वाचायला द्या. कोणी स्टोअरमधला साधा गायगर काउंटर आणून "बघ, काही दाखवत नाही" म्हणाला तर विश्वास ठेवू नका. रडार पल्समध्ये चालतं, सेकंदाला समजा तीनशे पल्स, आणि प्रत्येक पल्स काही मायक्रोसेकंदाची. गायगर ट्यूब एक कण मोजला की थोडा वेळ आंधळी होते, त्यामुळे एका पल्समध्ये एक कण आला काय नि हजार आले काय, ती एकच मोजणार. म्हणजे डोस कितीही असला तरी मीटर सेकंदाला तीनशेच्या वर जाणारच नाही. वर रडारचे मायक्रोवेव्ह मीटरच्या सर्किटमध्ये घुसून खोटा आकडा पण दाखवू शकतात. म्हणून आयन चेंबर लागतो, म्हणजे एकेक कण न मोजता एकूण डोस मोजणारा मीटर, तो पण मायक्रोवेव्हपासून शील्ड केलेला, किंवा मग टीएलडी कॅबिनेटच्या दारावर आणि माणसाच्या छातीवर काही दिवस लावून ठेवायचे, कारण ते एकूण डोस साठवतात, पल्सचा त्यांना त्रास नाही. मोजणाऱ्याला हे माहीत नसेल तर ते माप न मोजल्यासारखंच.

आणि आकडा आला तर त्याचा अर्थ कसा लावायचा, तर आपल्याकडे एईआरबीने (अणुऊर्जा नियामक मंडळाने) रेडिएशनचं काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट (हे डोस मोजायचं एकक), म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही अशी मर्यादा ठेवलीय. सामान्य माणसाला वर्षाला १. निसर्गातून, मातीतून, आकाशातून आपल्या सगळ्यांना जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ च्या आसपास मिळतातच. तुलना म्हणून माझं आत्ताचं काम सांगतो. आमच्या कॅमेऱ्यात इरिडियम १९२ ची गोळी असते, ४० क्युरीची ताजी गोळी चुकून बाहेर अडकली आणि माणूस एक मीटरवर उभा राहिला तर पाच-सात मिनिटांत त्याचा वर्षाचा कोटा संपतो. म्हणून आमच्याकडे बॅज, अलार्म, दोरी, सगळं. रडारच्या बंद कॅबिनेटशेजारी असलं काही होत नाही. उघड्या कॅबिनेटशेजारी किती होतं हे प्रत्येक रडारचं वेगळं, ते मोजूनच कळतं.

मायक्रोवेव्हचं पटकन सांगतो कारण तिथे नियम सोपे आहेत. फिरत्या अँटेनासमोर माणूस क्षणभर बीममध्ये येतो, सरासरी फार कमी पडते. अँटेना थांबलेली आणि ट्रान्समिट चालू, हे वाईट. उघड्या वेव्हगाईडमध्ये, म्हणजे मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीत, डोळा लावून बघणं सगळ्यात वाईट, कारण डोळ्याच्या भिंगात रक्त फिरत नाही, त्याला उष्णता बाहेर टाकता येत नाही, मोतीबिंदू होऊ शकतो. टेस्टिंग डमी लोडवर करायचं, म्हणजे अँटेनाऐवजी मायक्रोवेव्ह आतच शोषून घेणाऱ्या भागावर. कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २ गिगाहर्ट्झच्या वरच्या रडार फ्रिक्वेन्सीला चौरस मीटरला ५० वॉट आहे, आणि प्रत्येक रडारची सेफ डिस्टन्स त्याच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते, ती जमिनीवर चुना टाकून आखून घ्या. अजून एक, जुन्या रडारमधल्या टीआर ट्यूबमध्ये (ट्रान्समिटच्या वेळी रिसीव्हरला वाचवणारी ट्यूब) कधीकधी थोडा रेडिओऍक्टिव्ह पदार्थ भरलेला असतो. खराब झालेली ट्यूब फोडायची नाही, शोपीस म्हणून घरी आणायची नाही, मुलांच्या हातात तर नाहीच.

आता मुलीचं. ताई, हा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलाय पण मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त हाच बोचतोय. मी साताऱ्याकडचा, आमच्या गावात दर दोन घरांआड एक फौजी, आणि "रडारवाल्याला मुली" हे मी लहानपणापासून ऐकतोय. माझ्या ट्रेडमध्ये तर हे सगळ्या मेसमध्ये चालायचं. साधा हिशोब करा. मुलगा-मुलगी साधारण अर्धी अर्धी शक्यता, म्हणजे दोन मुलं असलेल्या चार घरांपैकी एका घरात दोन्ही मुलीच असणार, रडार असो नाहीतर किराणा दुकान. सेक्शनमध्ये वीस जण असतील तर पाच घरं तशी निघणारच, आणि लोक तीच पाच लक्षात ठेवतात. ज्या पाच घरांत दोन्ही मुलगे आहेत त्यांना कोणी विचारत नाही.

तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर एक अभ्यास आहे, नॉर्वेच्या नौदलातला, २००८ सालचा, दहा हजारांहून जास्त पुरुषांकडून प्रश्नावली भरून घेतलेली. त्यात ज्यांनी आपण अँटेनाच्या फार जवळ काम केलं असं लिहिलं त्यांच्यात मूल व्हायला अडचण येण्याचं प्रमाण जास्त दिसलं आणि मुलांच्या तुलनेत मुली थोड्या जास्त दिसल्या. पण लक्षात घ्या, कोणी काही मोजलं नव्हतं, प्रत्येकाने स्वतःच्या आठवणीने "जवळ होतो" एवढंच लिहिलं होतं. एवढ्यावरून एका घरातल्या एका मुलीचं कारण कोणी सांगू शकत नाही. उष्णतेने शुक्राणू काही काळ कमी होतात हे खरं आहे, ते कशानेही तापलं तरी होतं, आणि नवीन तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, मग भरून येतं. आणि पुढच्या पिढीत दोष जाण्याची भीती असेल तर हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या सत्याहत्तर हजारांच्या आसपास मुलांवर कित्येक दशकं लक्ष ठेवलंय, त्यात आईबापाच्या रेडिएशनमुळे आनुवंशिक दोष वाढल्याचं दिसलेलं नाही. त्यांच्या आईबापांपैकी कितीतरी जणांचा डोस रडार मेकॅनिकच्या कल्पनेपलीकडचा होता.

त्यामुळे दुसऱ्या बाळासाठी थांबायचं कारण मला दिसत नाही. आणि यावेळी मुलगाच व्हावा म्हणून कोणी पुडी, काढा, कुठला डॉक्टर सुचवला तर कृपा करून जाऊ नका. गर्भात मुलगा की मुलगी हे बघणं गुन्हा आहे, आणि त्या पुड्यांमध्ये काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. तुमची मुलगी कोणत्याही मशीनमुळे झालेली चूक नाही, हे सासूबाईंना मिस्टरांनीच सांगायला हवं, तुम्ही नाही.

कॅन्सरचं उत्तर इतकं स्वच्छ नाही. अमेरिकन नौदलातल्या कोरियन युद्धाच्या वेळच्या चाळीस हजारांवर लोकांचा चाळीस वर्षं मागोवा घेतला, एकूण कॅन्सर जास्त दिसला नाही, फक्त विमानांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणाऱ्या एका ट्रेडमध्ये रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार जास्त दिसला. बेल्जियमच्या सैन्यात हॉक मिसाईलच्या रडारवर काम केलेल्यांच्या अभ्यासात, तो २००९ मध्ये आला, रक्ताचे आणि लसिकेचे कॅन्सर बरेच जास्त दिसले, पण केसेस थोड्या होत्या आणि तिथेही जुन्या ट्रान्समीटरचे एक्सरे मध्ये होतेच. दोन्ही एकत्र वाचून माझं मत असं की संशयाची सुई मायक्रोवेव्हपेक्षा उघड्या ट्रान्समीटरकडे जास्त वळते. ते माझं मत आहे, शेवटचा शब्द नाही. पण "कॅन्सर ठरलेला" हे तर कुठल्याच अभ्यासात नाही.

पोस्टिंग बदलून मागावी का? माझ्या मते आधी नको. भीतीने अर्ज केला तर तो फाईलमध्ये "घरगुती कारण" म्हणून पडतो आणि कॅबिन तशीच राहते, उद्या तिथे दुसऱ्याचा नवरा वाकणार. मिस्टरांनी आधी आपल्या सेक्शनच्या जेसीओसाहेबांना (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरना) तोंडी सांगावं की ट्रान्समीटर उघडल्यावर एक्सरे लीकेज सर्वे झालाय का, झाला असेल तर रिपोर्ट बघायचाय. नसेल झाला तर लेखी मागणी प्रॉपर चॅनेलने. तक्रार म्हणून नाही, सेफ्टी म्हणून, भाषा साधी ठेवायची. इंटरलॉकला जंपर असेल तर तो काढायचा, आणि कोणी लावायला सांगितलाच तर कोणाच्या सांगण्यावरून, किती वाजता, किती वेळ हे लॉगबुकमध्ये लिहायचं. माझा अनुभव असा की लिहायचं म्हटलं की निम्म्या वेळा जंपर लागतच नाही. वार्षिक मेडिकलला रक्ताची पूर्ण तपासणी आणि डोळ्यांची स्लिट लॅम्पने तपासणी मागावी, मागून मिळते. आणि घरी एक वही ठेवा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या प्रकारचं काम, कधी काही अपघात झाला का, मेडिकलच्या झेरॉक्स. रडारचं नाव त्यात पण नको, "ट्रान्समीटर मेंटेनन्स" एवढं पुरे. ही वही तुम्ही ठेवू शकता ताई, हे काम घरातूनच नीट होतं.

पोस्टिंगचा विचार मी एकाच वेळी करीन, सर्वेत उघड्या दाराशी डोस दिसला आणि तरीही कोणी काम बदलायला तयार नाही. तेव्हा अर्जासोबत रिपोर्ट जोडता येतो आणि त्याला वजन असतं.

आज रात्री मिस्टरांना फोनवर एवढंच विचारा की दार उघडं असताना एचटी, म्हणजे हाय व्होल्टेज, ऑन असते का. फक्त हो किंवा नाही. उत्तर नाही असेल तर शांत झोपा. हो असेल तर मला इथे "हो" एवढंच लिहा, मीटर कुठला मागायचा आणि अर्जात वाक्य कसं लिहायचं ते मी लिहून देतो.